रहिवासी दर्जाची चूक आणि दुरुस्त विवरणपत्र (अमेरिका)

अमेरिकेत परदेशी नागरिकाने अनिवासी असताना रहिवाशाचे, किंवा त्याउलट, आयकर विवरणपत्र भरले असेल तर ते मागे जाऊन बदलण्याची प्रक्रिया. शिकायला गेलेल्या भारतीय मुलांत पहिल्या प्रकारची चूक नेहमीची आहे. मित्राने सुचवलेले कर भरण्याचे सॉफ्टवेअर उघडायचे, डब्ल्यू-२ (नोकरी देणाऱ्याने दिलेले पगार व कपातीचे पत्रक) टाकायचे आणि बटण दाबायचे. अशी बरीच सॉफ्टवेअर फक्त १०४० हा रहिवाशांचा फॉर्म तयार करतात. या मुलांचा फॉर्म अनिवासींचा १०४०-एनआर असतो, सोबत ८८४३, म्हणजे आपले दिवस मोजणीतून वगळावेत हे सांगणारा फॉर्म.

येथे ‘रहिवासी’ हा शब्द फसवा आहे. व्हिसाच्या भाषेत जो पाहुणा, तो कराच्या भाषेत रहिवासी असू शकतो. ग्रीन कार्ड नसेल तर दिवस मोजतात: चालू वर्षाचे सगळे, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षाचे किमान ३१ दिवस भरले की रहिवासी. मात्र एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलांचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजणीत धरत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये कोल्हापूरहून गेलेल्या मुलीची ही वर्षे २०२१ ते २०२५. डिसेंबरच्या अखेरीस उतरली असती तरी २०२१ हे पूर्ण वर्ष खर्ची पडले असते.

दुसरी हमखास चूक एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाल्यावर होते. व्हिसा १ ऑक्टोबरला बदलला की त्या वर्षापुरते आपण रहिवासी झालो असे पुष्कळांना वाटते. पण वर्षाअखेरपर्यंत दिवस भरतात ९२, आणि आधीचे विद्यार्थिदशेतले दिवस सवलतीच्या पाच वर्षांतले असतील तर हिशेबात येतच नाहीत. काही अटींवर त्याच वर्षी रहिवासी होण्याची निवड करता येते, पण त्यासाठी तसे लेखी निवेदन जोडावे लागते. चुकून भरलेला १०४० म्हणजे निवड नव्हे.

पैशाचा फरक मात्र भीतीच्या मानाने अनेकदा किरकोळ निघतो. भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते. ही सोय बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. कॅम्पसवर १६,००० डॉलर कमावणाऱ्याचा केंद्रीय कर दोन्ही फॉर्मवर सुमारे १४० डॉलरच येतो. रहिवाशाच्या फॉर्मवर शिक्षण-सवलत घेऊन तो शून्य केला असेल, तर ती सवलत अनिवासी विद्यार्थ्याला सहसा नसल्याने १४० डॉलर व्याजासह परत द्यावे लागतात. उलटही घडते. रहिवाशाला जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते म्हणून कुणी प्रामाणिकपणे सांगलीच्या बँकेतल्या ठेवीचे व्याजही दाखवलेले असते. अनिवासी ठरल्यावर त्यावर अमेरिकेत कर नसतो. २०२० मध्ये सरकारने कोविड-मदत म्हणून वाटलेले १,२०० डॉलर ज्यांच्या खात्यात असे चुकून आले, त्यांनी ते परत करणे हे वेगळे प्रकरण.

दुरुस्तीचा अर्ज म्हणजे १०४०-एक्स, पण फॉर्मच बदलायचा असतो तेव्हा त्यातले आकड्यांचे रकाने भरत नाहीत. वर नाव, पत्ता, करदाता क्रमांक आणि स्पष्टीकरणाच्या जागी कारण: ‘एफ-१ वर असल्याने मी अनिवासी होतो, चुकून १०४० भरला.’ एवढे पुरते. तीन पाने क्षमायाचना नको. मग नवा १०४०-एनआर पूर्ण भरून त्याच्या माथ्यावर ‘अमेंडेड’ लिहायचे आणि तो १०४०-एक्सच्या मागे जोडायचा. टपालाने पाठवल्यास पाकीट टेक्सासमधल्या ऑस्टिनला जाते. परतावा हवा असेल तर मूळ विवरणपत्रापासून तीन वर्षे किंवा कर भरल्यापासून दोन वर्षे, यांपैकी जी नंतरची ती मुदत. देणे निघत असेल तर व्याज मूळ तारखेपासूनच चढते, म्हणून रक्कम सोबतच पाठवलेली बरी. आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, पत्र येण्याआधी स्वतःहून केलेल्या दुरुस्तीत दंड टळण्याची शक्यता बरीच जास्त.

राज्याचे विवरणपत्र भरले असेल तर तेही तपासावे लागते. याच निमित्ताने डब्ल्यू-२ वरचे सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (आरोग्यविमा) यांच्या कपातीचे रकाने बघावेत. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून, ओपीटीच्या (शिक्षणाशी निगडित नोकरीच्या परवानगीच्या) काळातही, ती ७.६५ टक्के कपात व्हायला नको. ती १०४०-एक्समधून परत मिळत नाही. आधी नोकरी देणाऱ्याकडे मागावी लागते आणि त्याने हात वर केले तर आयआरएसकडे परतावा मागण्याचा फॉर्म ८४३, सोबत ८३१६.