रक्तदान शिबिरातली चक्कर: भीतीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीचं रक्तदान शिबिर ठरलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत चार खाटा, बाहेर चाळिशीच्या घरातलं ऊन. रांगेतला एखादा पोरगा सुई टोचायच्या आधीच पांढराफटक पडतो. जांभया सुरू होतात, वरच्या ओठावर घाम फुटतो. रक्तपेढीचा जुना तंत्रज्ञ एवढ्यावरून ओळखतो आणि त्याला निजवून पाय वर करतो. दारातून बघणारे मात्र म्हणतात, "पाह्य, पोट्टा पडला. रक्त देल्लं का कमजोरी येतेच."

या समजाला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीची शिबिरं जोरात होती. सक्तीचं विधेयकही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. सरकारी गाडी, खाटा, पांढरे कोट आणि 'अंगातली ताकद जाते' ही धास्ती त्या पिढीच्या मनात एकत्रच बसली असावी, असं मला वाटतं. दुसरीकडे शहरांत पैशासाठी रक्त विकणारे होते, बहुतेक गरीब आणि खंगलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही विक्री थांबवायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. पण रक्त देणारा माणूस खंगतो, हे चित्र पुसलं गेलं नाही.

चक्कर का येते, याचा शोध जुना आहे. १९३२ मध्ये ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी या प्रकाराचं नेमकं वर्णन केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांचं रक्त काढून बघितलं. १९४४ मध्ये त्यांनी मांडलं की भोवळ येते त्या क्षणी स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. नाडीही मंदावते. रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली बसतो. नुसती सुई किंवा दुसऱ्याची भरलेली पिशवी बघूनही हे घडतं. एक पडला की शेजारच्या खाटेवरचाही पडतो, ते यामुळेच. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, पिशवीत जातं ३५० मिलिलिटर. त्यातलं पाणी दिवस-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात.

१९८०च्या दशकात स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी रक्ताला घाबरणाऱ्यांना हातपाय आणि पोटाचे स्नायू आवळून धरायला शिकवलं. तीच युक्ती पुढे रक्तदात्यांनाही लागू पडली. सोबत अर्धा लिटर पाणी. आपल्याकडे मात्र उपाशीपोटी आलेली, पहिल्यांदाच देणारी, जेमतेम पंचेचाळीस किलोची पोरं उन्हात तास-तास उभी असतात, आणि मंडळाचं लक्ष 'किती बॅगा झाल्या' याच्यावर. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातल्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना रक्त लागतं आणि उन्हाळ्यातच पेढ्यांत तुटवडा पडतो, म्हणून ही घाई समजण्यासारखी आहे. पाण्याचा माठ न ठेवणं मात्र समजण्यासारखं नाही.

रक्तदात्यांना होणाऱ्या त्रासाची देशपातळीवर नोंद २०१५ पासून होऊ लागली. पण चक्कर कधीकधी काही तासांनी येते, तोवर रक्तपेढीची गाडी निघून गेलेली असते. गावाकडे परतताना मोटारसायकलवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते कळवायचा नंबर दात्याच्या खिशात असायला हवा.