तेल कुठे आणि ग्रीस कुठे: जुन्या रीलोडिंग प्रेसचं वंगण

माझ्या प्रेसच्या रॅमवरून, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दांड्यावरून, बोट फिरवलं तेव्हा बोटाला राखाडी मलम लागलं. चिमटीत चोळून पाहिलं तर कचकच जाणवली. तीन महिन्यांपूर्वी मीच त्या रॅमला ग्रीस फासलं होतं, अगदी सढळ हाताने. यंत्र जुनं, जड, बिडाचं. त्याला जाड वंगणच मानवेल असा माझा समज होता. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना जी पेस्ट लावून घासतात, तिच्या जातीचा लेप मी नकळत तयार केला होता. हँडल ओढलं की तो लेप रॅमला आणि चौकटीला थोडं थोडं खात होता.

मी ओहायोत राहतो. रायफल रेंजवर जाणाऱ्या इथल्या बऱ्याच लोकांच्या तळघरात किंवा गॅरेजात काडतुसं पुन्हा भरायचा प्रेस असतो. झाडलेली पितळी पुंगळी फुगलेली असते. प्रेस तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापावर आणतो आणि त्याच फेरीत बुडातला जळका प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बाहेर पाडतो. मग नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि शेवटी गोळी. माझ्याकडे आरसीबीएसचा जुना रॉक चकर आहे, सेकंडहँड घेतलेला: ‘ओ’ आकाराची बिडाची चौकट, तिच्यातून वर-खाली सरकणारा एक इंच व्यासाचा पोलादी रॅम, आणि खाली हँडलचा जोर कित्येक पटींनी वाढवणारे सांधे. ही कंपनी फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी सुरू केली. नावातली चार अक्षरं आहेत ‘रॉक चक बुलेट स्वेज’ची, म्हणजे गोळ्या घडवायच्या त्यांच्या पहिल्या डायची.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो: शस्त्र कायदा, 1959 नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो. वंगणाची गोष्ट मात्र फ्लायप्रेसला, हातप्रेसला, आजीच्या पायमशीनलाही लागू पडते, म्हणून ती नीट सांगावीशी वाटते.

ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ग्रीसच्या डब्यात बहुतांश तेलच असतं हे खरं आहे, साधारण 80 ते 90 टक्के. उरलेल्या भागात मुख्यतः साबण असतो. हा अंगाला लावायचा साबण नव्हे, पण घराणं तेच: चरबीतलं आम्ल आणि धातू यांच्या संयोगातून झालेला. बाजारातल्या नेहमीच्या लिथियम ग्रीसमध्ये तो धातू लिथियम असतो. या साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंचं जाळं विणलं जातं आणि स्पंजात पाणी राहावं तसं तेल त्यात धरून ठेवलं जातं. दाब पडला, घर्षण झालं की त्यातून थोडं तेल पाझरतं. म्हणजे दोन्हीकडे घर्षण कमी करण्याचं काम मुख्यतः तेलच करतं. ग्रीस हे त्या तेलाचं जागेवर बसलेलं कोठार आहे.

म्हणूनच दोघांची मापंही निराळी. तेलाचा प्रवाहीपणा मोजतात: आयएसओ व्हीजी 32 लिहिलेलं तेल 40 अंश सेल्सिअसला सुमारे 32 सेंटिस्टोक्स भरतं. ग्रीसमध्ये एक शंकू सोडून तो किती खोल रुततो ते पाहतात आणि त्यावरून 000 पासून 6 पर्यंतचा एनएलजीआय क्रमांक देतात. चाकाच्या बेअरिंगला भरतात ते बहुधा 2 क्रमांकाचं. गिअरबॉक्समधलं 90 नंबरचं तेल कितीही जाड दिसलं तरी ते वाहणारच, आणि 2 क्रमांकाचं ग्रीस उन्हाळ्यात कितीही मऊ वाटलं तरी लावल्या जागी थांबणारच.

प्रेसवर फरक पडतो तो या वाहण्या-थांबण्यानेच, कारण प्रेसवर वरून सतत काहीतरी पडत असतं. जळका प्रायमर सुटला की त्याच्याबरोबर राख सांडते. प्रायमरच्या मिश्रणात बहुधा लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं, आणि जळाल्यावर त्यांची कडक, बारीक, दाणेदार भुकटी उरते. ली कंपनीच्या क्लासिक कास्टसारख्या नंतरच्या प्रेसमध्ये रॅम पोकळ असतो, प्रायमर त्याच्या पोटातून थेट नळीत जातो आणि राख बाहेर फारशी येत नाही. जुन्या रॉक चकरमध्ये तो रॅमच्या कडेच्या खाचेतून बाहेर पडतो. पुढच्या डबीत प्रायमर सापडतो, राख सापडत नाही. ती रॅमवर बसते आणि खालच्या सांध्यांवर उतरते.

उघड्या रॅमवर ग्रीस असेल तर ही राख त्यात रुतते आणि रॅमबरोबर चौकटीच्या भोकात जाते. पातळ तेल असेल तर राख त्यातही चिकटते, पण चिंधीच्या एका फेऱ्यात निघून येते आणि खाली नवा, स्वच्छ थर देता येतो. तेलाचा दोष म्हणजे ते टिकत नाही. इथे तोच गुण ठरतो, कारण ते वारंवार बदलणं भागच पडतं. रॅम एकवेळ नवा मिळेल, चौकटीचं भोक मात्र त्या बिडातच कोरलेलं आहे, आणि ते ढिलं झालं की घरी करण्यासारखं फारसं काही उरत नाही. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या थोडं तेल धरून ठेवतात. त्यामुळे तेलाचा अगदी पातळ हात दिला तरी रॅम छान चालतो. मी दर बैठकीआधी रॅम पुसतो, दोन थेंब तेल बोटाने पसरवतो, आठ-दहा वेळा रिकामा चालवतो आणि वर आलेलं काळं पुन्हा पुसून घेतो.

खालच्या सांध्यांतल्या पिनांचं गणित उलटं. तिथे पिन पूर्ण फिरत नाही, थोड्याशा कोनात मागे-पुढे होते, सावकाश, आणि रायफलची पुंगळी दाबताना सगळा भार तिच्या एका बाजूवर येतो. इतक्या कमी वेगात तेलाचा थर टिकत नाही, दाबाने बाजूला सरकतो आणि ठिबकून जातो. ग्रीस तिथेच राहतं आणि लागेल तसं तेल सोडत राहतं. म्हणून सांध्यांना ग्रीस, पण ते सांध्याच्या आत. पिन काढायची, भोक आणि पिन दोन्ही पुसायची, बोटाला येईल इतकंच ग्रीस चोळायचं, पिन बसवायची आणि बाहेर आलेलं ग्रीस पूर्ण पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं ग्रीस वरून पडणारी राख झेलायलाच बसलेलं असतं. काही प्रेसना ग्रीसचं निप्पल असतं, तिथे ग्रीसगनचा एखादा दट्टा पुरतो. आणि जुनी पिन अडकलेली असेल तर हातोडा उचलू नका. सांध्याच्या फटीत सुईच्या टोकाने इंजिन ऑइलचे थेंब सोडा, हँडल हलवत राहा, रात्रभर जाऊ द्या. पिन नाहीच निघाली तर वर्षभर तेलावर चालवलेला सांधा ठोकून वाकवलेल्या पिनेपेक्षा पुष्कळ बरा.

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीच्या वातावरणात वाढल्यामुळे असेल, मला बिडाचं यंत्र स्वच्छ दिसलं की बरं वाटतं. पण प्रेस साफ करायची घाई करू नये. आधी दारूचा डबा आणि प्रायमरची खोकी त्या खोलीतून बाहेर न्या. मग रॅम आणि सांधे उतरवा, ते उतरवताना फोटो काढून ठेवा. जुनं तेल वाळून मधासारखं पिवळं, चिकट झालेलं असतं. ते मिनरल स्पिरिटने किंवा रॉकेलने मऊ होतं. थोडा वेळ भिजू द्या आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. खिडकी उघडी, विस्तव लांब, पेट्रोल अजिबात नाही. चौकटीच्या बाहेरच्या अंगावरचा गंज तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने निघतो. रॅमला आणि त्याच्या भोकाला मात्र पॉलिश पेपर लावू नका. एकदा घासलेलं माप परत येत नाही.

जुन्या मालकाने कोणतं ग्रीस भरलं होतं हे बहुतेक वेळा कळत नाही, आणि सगळी ग्रीस एकमेकांत मिसळत नाहीत. लिथियम साबणाचं आणि साबणाऐवजी मातीवर बांधलेलं ग्रीस एकत्र आलं तर मिश्रण पातळ होऊन वाहायला लागू शकतं. म्हणून जुन्यावर नवं चढवायचं नाही, सगळं धुऊन काढायचं.

डब्ल्यूडी-40 च्या स्प्रेवरून इथे अनेकांचा गोंधळ उडतो. 1953 मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तो तयार झाला. नावातली इंग्रजी अक्षरं ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या शब्दांची, आणि 40 म्हणजे जमलेला चाळिसावा प्रयोग. त्यात बहुतांश उडून जाणारा द्राव असतो, मागे राहतो तो तेलाचा विरळ थर. गंज सैल करायला, वाळलेलं तेल मऊ करायला तो मी आनंदाने वापरतो. पण तो मारून ‘वंगण झालं’ म्हणून थांबलात, तर तुम्ही रॅम फक्त धुतलात. नंतर पुसून खरं तेल द्यावंच लागतं.

पुंगळीला लावायचं वंगण ही आणखी वेगळी वस्तू. त्यात बहुधा मेण किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन असतं. डायमध्ये पितळ अडकू नये एवढंच त्याचं काम. ते प्रेसच्या सांध्यांना लावायचं नाही, आणि प्रेसचं तेल पुंगळीला लावायचं नाही.

प्रायमर बसवणारा दांडा, त्याचा कप आणि पुंगळीचं बूड धरणारा शेल होल्डर हे भाग कोरडे राहू द्या. तिथली राख मऊ ब्रशने काढा, बस. प्रायमरला तेल लागलं तर तो पेटेल याची खात्री उरत नाही. आणि अर्धवट पेटून गोळी बंदुकीच्या नळीतच अडकली, तर पुढची गोळी झाडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. वंगणाचे हात धुतल्याशिवाय मी प्रायमरच्या खोक्याला शिवत नाही. डायच्या आट्यांना गंज धरू नये म्हणून तेलाचा पुसट हात पुरतो.

आता शिशाबद्दल, कारण त्या राखेत शिसं असतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी 2021 मध्ये डेसिलिटरमागे 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली. सुरक्षित अशी पातळी मुलांच्या बाबतीत माहीत नाही. म्हणून प्रेस हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने झाडू नका. शेल होल्डरचा ब्रशही आधी ओलसर करा आणि तो भाग नंतर वाळवा. हातमोजे घाला, ओल्या चिंधीने पुसा, चिंधी पिशवीत बांधून टाका, कपडे वेगळे धुवा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम कधीच नको, आणि घरात रांगतं मूल असेल तर त्या खोलीचं दार बंदच हवं.

माझ्या प्रेसचा रॅम वरच्या टोकाला आजही किंचित हलतो. त्याची मी काळजी सोडली आहे, कारण पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते आणि एवढी ढिलाई पोटात घेतली जाते. चिंधी मात्र दर वेळी उजेडात धरून बघतो. नुसती काळी आली तर तेलाचं काम चाललंय. राखाडी आणि चिमटीत कचकच करणारी आली, तर त्या दिवशी एकही काडतूस भरत नाही; रॅम उतरवतो, मिनरल स्पिरिटने धुतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.