पाणीहक्क चळवळ, मुंबई

मुंबईतील अनधिकृत ठरवल्या गेलेल्या वस्त्यांना महापालिकेची रीतसर नळजोडणी मिळावी, यासाठी तेथील रहिवाशांनी, आणि त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, मोर्चे, अर्ज व न्यायालयीन लढा या मार्गांनी चालवलेली चळवळ. भातसा, तानसा, वैतरणा, विहार आदी जलाशयांतून शहराला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यामुळे येथील गरिबांच्या पाणीटंचाईचे मूळ धरणांपेक्षा कागदपत्रांत अधिक आहे.

या लढ्याची सुरुवात गोरेगावात झाली, असे म्हणता येईल. १९६१ मध्ये तेथून महापालिकेवर निवडून आलेल्या मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न इतक्या चिकाटीने लावून धरला, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ च्या सुमारास महागाईविरोधात निघालेल्या लाटणे मोर्चांतही त्या आघाडीवर होत्या.

पुढे राज्य शासनाच्या १९९६ च्या परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देण्यास मनाई केली. ही कालमर्यादा नंतर २००० पर्यंत वाढवण्यात आली. या तारखेनंतर वस्तीला आलेल्या कुटुंबांना टँकरचे किंवा शेजारच्या वस्तीतून रबरी पाइपने येणारे पाणी ड्रमच्या हिशेबाने विकत घ्यावे लागले. शहरातील सर्वांत कमी मिळकतीची माणसे अशा रीतीने पाण्यासाठी सर्वांत जास्त दर मोजत होती, आणि पाणी भरण्यापायी स्त्रियांचा रोजगार व मुलींची शाळा बुडत होती, हे या धोरणाचे सर्वांत अन्यायकारक फलित होय.

याविरुद्ध पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. रस्त्यावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला होता. पाणीहक्काच्या लढ्यालाही जगण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या त्याच २१ व्या अनुच्छेदाचा आधार मिळाला. घर अनधिकृत असले तरी त्यातील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. मात्र अधिकृत घरांइतका समान दर्जाचा पुरवठा मिळण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, आणि जादा दर आकारण्याची मुभाही ठेवली.

निकालानंतरचे काम बातम्यांत फारसे आले नाही, पण चळवळीचा खरा कस तेथेच लागला. काही घरांनी मिळून गट करायचा, ओळखपत्रांच्या झेरॉक्स जोडून सामाईक जोडणीचा अर्ज भरायचा, वॉर्ड ऑफिसात पोच घ्यायची आणि अर्ज फेटाळल्यास कारण लेखी मागायचे, ही पद्धत मालाड-मालवणीतील अंबुजवाडी, मानखुर्दचे मंडाला यांसारख्या वस्त्यांत कार्यकर्त्यांनी रुजवली. पूर्वी पाणी नगरसेवकाच्या किंवा टँकरवाल्याच्या मर्जीवर मिळे. आता रहिवासी पोचपावती दाखवून ते मागू लागले.

२०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण लागू केले. तरीही जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या गल्ल्यांत नळ बसूनही पुरेशा दाबाने पाणी येतेच असे नाही, म्हणून आता पाण्याची वेळ आणि दाब यांसाठीही पाठपुरावा करावा लागतो.