चांदोलीची हवा नेमक्या कोणत्या कायद्यात बसते?

कांदा-लसूण मसाल्याचं सामान निवडताना हाताला दगडफूल लागतं. वरून राखाडी, खालून काळपट, कागदासारखं चुरचुरीत. नाव फूल असलं तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून मांडलेला संसार आहे. त्याला मुळं नसतात, जे हवं ते हवेतून आणि पावसातून घेतं. त्यामुळे कोळशाच्या धुरातून हवेत येणारा सल्फर डायऑक्साइडही झाडाझुडपांच्या आधी त्याच्या जातीलाच बाधतो. जंगल आणि कोळशाचा धूर हा विषय निघाला की बोलणं लगेच वाघावर जातं. माझ्या मते सुरुवात खोडावरच्या या राखाडी चट्ट्यांपासून व्हायला हवी.

सातारा-सांगलीत कोळशाचं मोठं वीजकेंद्र नाही. इथली वीज म्हणजे कोयनेची १९६० मेगावॅट आणि वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या. कोळसा जळतो तो घाटाखाली. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या किनाऱ्यावर २०१०-११ पासून १२०० मेगावॅटचं केंद्र आहे आणि तिथून चांदोली राष्ट्रीय उद्यानाची हद्द हवाई अंतराने ५०-६० किलोमीटर. केंद्र उभं राहताना वाद पेटला तो हापूसवरून, आणि तो कोर्टापर्यंत गेला. घाटमाथ्याची आठवण फारशी कुणाला झाली नाही. वास्तविक उंच धुराडं धूर संपवत नाही, लांब नेतं. वाटेत सल्फर डायऑक्साइडचे सल्फेटचे बारीक कण होतात, आणि पावसाळ्यात वारं समुद्राकडून घाट चढतं तेव्हा हवेत असेल ते पावसाबरोबर खाली येतं. चांदोलीतल्या झोळंबीसारख्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती वीतभरही नसते. तिथे काय उतरतं याला महत्त्व आहे.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयनेसह व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये जागतिक वारसा. ही जंत्री इकडच्या माणसाला पाठ आहे. खरा गुंता आहे तो ‘इको सेन्सिटिव्ह’, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, या शब्दात.

हा शब्द आपल्याकडे किमान तीन अर्थांनी फिरतो. पहिला महाबळेश्वर-पाचगणीचा. केंद्र सरकारने पर्यावरण कायद्याखाली २००१ मध्ये तो भाग संवेदनशील ठरवला, आसपास अभयारण्य असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या दहा वर्षं आधी डहाणूला असंच झालं होतं. तिथल्या ५०० मेगावॅटच्या केंद्राला धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, पुढे बसवावी लागली. दुसरा अर्थ उद्यानाभोवतीच्या संरक्षक पट्ट्याचा. २००२ मध्ये १० किलोमीटरची कल्पना आली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान १ किलोमीटर सांगितलं, २०२३ मध्ये तेही शिथिल केलं. तिसरा अर्थ पश्चिम घाटाचा. २०११ च्या गाडगीळ समितीने घाटाचे तीन ‘झोन’ पाडले. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने ‘झोन’ सोडून ‘एरिया’ म्हटलं आणि क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं. पाटण, जावळी, शिराळ्यात या तिन्हींना एकच नाव: ‘झोन’. झोन आला की कौलं बदलायलाही परवानगी लागणार, ही धास्ती त्यातूनच. लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सरकारी कागदांनीच घोळ घातलाय.

आणि हा घोळ हवेच्या आकड्यापर्यंत पोचतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा दोन रकान्यांत आहे. निवासी, औद्योगिक आणि इतर भागांत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, संवेदनशील क्षेत्रात २०. नायट्रोजन डायऑक्साइडची अशीच ४० आणि ३०. पण दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर अट आहे: क्षेत्र केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं हवं. राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना राज्य काढतं, तीही वन्यजीव कायद्याखाली. केंद्र सरकारचा पट्टा असतो उद्यानाच्या बाहेरून. शब्दाला शब्द लावून वाचलं तर महाबळेश्वरच्या बाजारपेठेला २०, चांदोलीच्या गाभ्याला ५०! कुणाला असं अभिप्रेत असेल असं वाटत नाही, पण वाक्य तसंच आहे.

पश्चिम घाटाची अधिसूचना अंतिम झाली असती तर हा प्रश्न बराचसा सुटला असता, कारण तिच्यात नव्या औष्णिक केंद्रांना बंदीच आहे. पहिला मसुदा मार्च २०१४ चा. जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला, त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर.

दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांसाठी सल्फर, नायट्रोजन आणि पाऱ्याच्या मर्यादा घातल्या. मुदत दोन वर्षांची होती. ती पुढे सरकत गेली, आणि २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले गेले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर अ; अतिप्रदूषित पट्टा किंवा राष्ट्रीय मानकांत हवा नापास झालेल्या शहरापासून तेवढ्याच अंतरात असेल तर ब; उरलेली सगळी क. वर्गवारीत जंगल नाहीच. ताडोबाच्या उंबऱ्याशी असलेलं २९२० मेगावॅटचं केंद्र ब गटाच्या निकषात बसतं ते चंद्रपूर शहराच्या हवेमुळे, वाघामुळे नव्हे.

आपल्याकडे तर हा विनोद एकाच जिल्ह्यात बघायला मिळतो. नापास शहरांच्या यादीत सांगली आहे, त्यामुळे या नियमात सांगली शहराभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ आहे. त्याच जिल्ह्यातल्या चांदोलीभोवती नाही. जुलै २०२५ मध्ये क गटाला सल्फरच्या मर्यादेतून सूट मिळाली, अट फक्त धुराड्याच्या उंचीची. ब गटाचा निर्णय प्रत्येक केंद्राचा वेगळा होणार, आणि अ गटाला डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे.