सिरीजचा बल्ब काय करतो?

"घरात एमसीबी आहे, मग टीव्हीचा बोर्ड जळलाच कसा?" पहिला पाऊस पडून गेला की ठाण्यातल्या रिपेरिंगच्या दुकानांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मुळात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टीव्हीसाठी नसतोच, तो भिंतीतली वायर तापू नये म्हणून असतो. 16 अँपियरचा एमसीबी 18 अँपियरला तासभर पडला नाही तरी नियमात बसतो. 'सी' प्रकारचा असेल तर तत्काळ पडायला 80 ते 160 अँपियर लागतात. तोही काही मिलिसेकंद घेतो, आणि पॉवर सप्लायमधला मॉस्फेट (करंट झपाझप चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) त्याच्या कितीतरी आधी उडालेला असतो. (मीटरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांबद्दल काय बोलावं? निदान लिंबाचा रस आत गळू देऊ नका.)

नौपाड्यातल्या एका कारागिराच्या टेबलावर, दुरुस्तीत टाकलेला नवा मॉस्फेट असाच उडू नये यासाठीचा उपाय मी पाहिला: लाकडी बोर्ड, एक सॉकेट, एक होल्डर आणि त्यात 100 वॉटचा जुना, तारेचा बल्ब. बल्ब सॉकेटच्या फेजमध्ये सिरीजला, म्हणजे टीव्हीला जाणारा सगळा करंट बल्बातूनच जाणार. नवा मॉस्फेट टाकून त्याने टीव्हीची पिन खोचली. बल्ब भपकन पेटला आणि लगेच विझत आला. "सप्लाय उठला," तो म्हणाला आणि मल्टिमीटर उचलला.

ही सगळी करामत टंगस्टनच्या तारेची. 230 व्होल्टवर 100 वॉटचा पेटता बल्ब म्हणजे 529 ओहम. पण तोच बल्ब थंड असताना मोजा, 40 ओहमच्या आसपास भरेल. तार अडीच हजार सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्यातले अणू इतके थरथरतात की इलेक्ट्रॉन जागोजागी अडखळतात. म्हणून टीव्ही स्टँडबायला 0.05 अँपियर खात असेल तर बल्ब थंडच राहतो आणि जेमतेम दोन व्होल्ट गिळतो. त्याच्या जागी 529 ओहमचा साधा रेझिस्टर लावला असता तर 26 व्होल्ट फुकट गेले असते. आणि आत शॉर्ट असेल तर? अख्खे 230 व्होल्ट बल्बवर येतात, तार क्षणात तापते आणि करंट 0.43 अँपियरवर अडतो. बल्ब लख्ख पेटून राहतो, नवा मॉस्फेट बहुधा वाचतो. सुरुवातीचा भपका मात्र बिघाडाचा नव्हे, सप्लायमधला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर चार्ज होत असल्याचा.

याच गुणाचा उपयोग एचपी कंपनीचे एक संस्थापक विल्यम ह्यूलेट यांनी 1939 मध्ये ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारं सर्किट) स्थिर ठेवायला केला होता. तिथेही एक लहानसा बल्बच होता.

आता जरा किचकट भाग. एसएमपीएस, म्हणजे टीव्हीतला हा पॉवर सप्लाय, आउटपुटला ठरलेली पॉवर देत राहतो. इनपुट व्होल्टेज घटलं की तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की बल्ब तापतो, व्होल्टेज आणखी घटतं, सप्लाय आणखी ओढतो. शेवटी सप्लाय बंद पडतो, बल्ब निवतो, व्होल्टेज परत येतं आणि पुन्हा तेच. बल्ब लुकलुकत राहतो आणि चांगला बोर्ड खराब समजून फेकला जातो. अशा वेळी लोड कमी करायला बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्यांची) जोडणी काढून पाहावं, नाहीतर 200 वॉटचा बल्ब लावावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर तर सिरीजवर लावूच नये, तो उठत नाही.

एलईडी बल्ब इथे चालत नाही. त्यात तार नसते, ड्रायव्हर असतो. त्यामुळे हे कारागीर तारेचे बल्ब जपून ठेवतात.

आणि बल्ब मंद आहे म्हणून आत हात घालायचा नाही. माणसाचं शरीर हजार-दोन हजार ओहमचं धरलं तर थंड बल्बचे 40 ओहम त्यात कुठे लागतात? शॉकचा करंट तो अडवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) हवा. कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत डीसी साठलेला असतो आणि त्याच्यापुढे आरसीसीबीचंही काही चालत नाही. म्हणून पिन काढायची, रेझिस्टरने कपॅसिटर डिस्चार्ज करायचा आणि मीटरवर शून्य बघूनच बोट लावायचं.