आभासी डिस्क कोसळते तेव्हा कर्नल काय करतो?

क्लाऊडवर ठेवलं की यंत्र बिघडायची भीती नाही, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण तिथला सर्व्हर बहुधा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक असतो. त्याची डिस्क, त्याचं नेटवर्क कार्ड म्हणजे दुसऱ्या संगणकावर चालणारा एक प्रोग्रॅम, आणि प्रोग्रॅम कधी ना कधी कोसळतोच. 'कधीच बंद न पडणारी सेवा' अशी जाहिरात कोणीही करो, विश्वास ठेवू नये.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशा उपकरणांशी बोलण्याची रूढ पद्धत म्हणजे व्हर्टआयओ. जानेवारी 2008 मध्ये आलेल्या 2.6.24 आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात आहे. कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा भाग, दोघांच्या सामायिक मेमरीतल्या रांगेत काम टाकतो: अमुक पत्त्यावर डिस्कवरची माहिती आणून ठेव. उपकरण काम उरकून त्याचा क्रमांक परत लिहितं.

आता उपकरण मध्येच कोसळलं. उत्तराची वाट पाहणारे प्रोग्रॅम लटकतात, हे उघडच आहे. खरी मेख पुढे आहे. ड्रायव्हरने ती मेमरी घाईने मोकळी केली, कर्नलने ती दुसऱ्याच कोणाला दिली आणि अर्धमेल्या उपकरणाने जुन्या पत्त्यावर माहिती ओतली, तर? भलत्याच प्रोग्रॅमचा डेटा गुपचूप बिघडतो. त्यापेक्षा सगळं ठप्प झालेलं परवडलं!

म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि मला तो विलक्षण देखणा वाटतो. आधी रांगेवर 'मोडली' अशी खूण करायची, म्हणजे नवं काम आत येत नाही. मग स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे उपकरणाची स्थिती दाखवणाऱ्या छोट्या जागेत, 0 लिहून रीसेट करायचं आणि तिथे 0 वाचायला मिळेपर्यंत थांबायचं. 0 दिसला की उपकरणाने मेमरीवरचा हात काढला असं धरता येतं. त्यानंतरच अडकलेल्या मागण्या त्रुटी कळवून सोडवायच्या आणि मेमरी मोकळी करायची. 0 आलाच नाही, तर तेवढी मेमरी वाया जाऊ द्यावी, पण पुन्हा वाटू नये. पीसीआय बसवरून, म्हणजे उपकरणं संगणकाला जोडणाऱ्या मार्गावरून, उपकरणच गायब झालं असेल तर वाचताना सगळे बिट 1 येतात, म्हणजे 8 बिटांच्या स्टेटसमध्ये 255. हे न तपासता 0 ची वाट पाहणारा ड्रायव्हर कायमचा अडकतो.

उपकरण शुद्धीवर असेल तर 'मला रीसेट करा' असं स्वतःच सांगतं. त्यासाठी स्टेटसमध्ये 64 किमतीचा बिट राखून ठेवला आहे. भ्रमिष्ट झालेलं उपकरण मात्र काहीही लिहू शकतं. 256 जागांच्या रांगेत 300 क्रमांकाचं काम 'झालं' म्हणून आलं, किंवा कधी दिलंच नव्हतं अशा कामाचा क्रमांक आला, तर लिनक्स त्या क्रमांकाच्या मागे जात नाही. रांग मोडल्याची खूण करून तिथेच थांबतो.