परींची वाट आणि मसुराची शेतं

मध्य इटलीतल्या उंब्रियात, सिबिल्लिनी डोंगररांगेत, कास्तेल्लुच्चो नावाचं खेडं 1452 मीटर उंचीवर एका टेकडीच्या माथ्याला बिलगून वसलं आहे. गावातून पूर्वेला पाहिलं की समोर माँते व्हेत्तोरे उभा: 2476 मीटर उंच आणि जवळपास बोडका. त्याच्या अंगावर, बरीच वर, एक फिकट पांढरी रेघ आडवी गेलेली दिसते. तिथली माणसं तिला ‘परींची वाट’ म्हणतात. दंतकथा अशी: सिबिल्ला या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या गुहेतल्या पऱ्या रात्री मेंढपाळांबरोबर नाचायला खाली यायच्या. एकदा नाचाच्या नादात उजाडायला आलं आणि त्या घाईघाईने डोंगर चढून पळाल्या. पऱ्यांचे पाय शेळीचे! त्या खुरांनी उकरलेली खडी म्हणजे ही वाट.

भूशास्त्रज्ञ याच रेघेला भ्रंशाचा कडा म्हणतात. जमिनीतल्या एका प्रचंड भेगेची ही उघडी पडलेली कडा आहे, आणि कास्तेल्लुच्चोचं जवळजवळ सगळं काही या भेगेने घडवलं आहे.

सिबिल्लिनी रांग ज्यांचा भाग आहे ते ॲपेनाइन पर्वत आधी दाबामुळे उभे राहिले, पण आता त्यांचा मधला कणा ताणला जातो आहे. दोन्ही बाजू वर्षाला साधारण 3 मिलिमीटर एकमेकींपासून दूर सरकतात. चुनखडीचा खडक रबरासारखा ताणत नाही. तो तिरका चिरतो, आणि चिरेच्या एका बाजूचा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली घसरतो. व्हेत्तोरेच्या पायथ्याशी असंच झालं. पश्चिमेचा भाग पुन्हा पुन्हा खचत गेला आणि 1270 मीटरच्या आसपास एक सपाट खोलगट भाग तयार झाला. तोच पियान ग्रांदे, मोठं मैदान.

चहूबाजूंनी डोंगर असलेल्या या परातीत पाणी साचून तळं व्हायला हवं. एके काळी तिथे तळं होतंही. आज ते नाही, कारण चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. मैदानातलं पाणी मेर्गानी नावाच्या ओहोळातून वाहत जाऊन एका विवरात शिरतं आणि जमिनीखाली दिसेनासं होतं. मागे उरतो जुन्या तळ्याचा गाळ. शेजारच्या छोट्या मैदानाचं नाव आहे पियान पेर्दुतो, म्हणजे गमावलेलं मैदान: 1522 साली जवळच्या नॉर्चा गावच्या लोकांनी ते शेजारच्या व्हिस्सो गावच्या लोकांशी झालेल्या लढाईत गमावलं.

या मातीत पिकते ती मसूर. दाणा बारीक, साल पातळ. हिवाळा लांब आणि बर्फाचा असल्यामुळे पेरणी वसंतात होते, काढणी उन्हाळ्याच्या शेवटी. पूर्वी काढणीच्या वेळी आजूबाजूच्या गावांतून बायका यायच्या आणि ओणवं होऊन मुळासकट रोपं उपटायच्या. त्यांना कार्पिरीने म्हणत. 1997 पासून या मसुरीला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. जून-जुलैत शेतांमध्ये पॉपी, कॉर्नफ्लॉवर आणि रानमोहरी एकदम फुलते, आणि ते पाहायला जग लोटतं. ही फुलं म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत तण. तणनाशकांनी युरोपातल्या बहुतेक शेतांतून ती हद्दपार केली. इथे ती टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पुन्हा त्या भेगेकडे. फाब्रित्सिओ गालादिनी आणि पाओलो गाल्ली या दोन संशोधकांनी मैदानाच्या कडेला चर खणून मातीचे थर वाचले. जिथे थर तुटून खाली-वर झाले होते, तिथे जुना भूकंप लपला होता. थरांचं वय काढलं की त्या भूकंपाचा काळ कळतो. 2003 साली त्यांनी मांडलं की ही भेग गेल्या काही हजार वर्षांत अनेकदा सरकली आहे. मात्र लिखित इतिहासातला एकही मोठा भूकंप तिच्या नावावर नव्हता. 1703 मध्ये नॉर्चा उद्ध्वस्त करणारा भूकंपही शेजारच्या दुसऱ्या भेगेचा होता. म्हणजे ही भेग मेलेली नव्हती, गप्प होती.

24 ऑगस्ट 2016 च्या पहाटे भूकंप झाला आणि आसपासच्या गावांत 299 माणसं गेली. 26 ऑक्टोबरला पुन्हा हादरे बसले. 30 ऑक्टोबरला सकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी 6.5 तीव्रतेचा भूकंप झाला. 1980 नंतर इटलीत एवढा मोठा झाला नव्हता. कास्तेल्लुच्चोची बहुतेक घरं कोसळली. आधीच्या हादऱ्यांमुळे बहुतेक लोक घरं सोडून गेले होते, म्हणून त्या सकाळी कुणाचा जीव गेला नाही. संशोधक व्हेत्तोरेवर चढले तेव्हा परींच्या वाटेखाली खडकाचा ताजा, स्वच्छ पट्टा उघडा पडलेला दिसला. काही ठिकाणी तो सुमारे दोन मीटर उंच होता. आदल्या दिवशी तो जमिनीखाली होता.

2017 चा वसंत आला तेव्हा गाव ढिगाऱ्यात होतं आणि वर जाणारे रस्ते फुटलेले होते. पेरणीची वेळ मात्र थांबणारी नव्हती. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरांचा ताफा करून ते वर नेले आणि मसूर पेरली. उपग्रहांच्या मोजमापानुसार भूकंपात कास्तेल्लुच्चोभोवतालची जमीन सुमारे 70 सेंटिमीटरपर्यंत खचली होती. त्या वर्षीचं पीक दीड हात खाली गेलेल्या मैदानात उगवलं.